सरदार सरोवराचे बुडीत क्षेत्र (नंदुरबार जिल्हा)

नर्मदा नदीवरील सरदार सरोवर धरणाच्या जलाशयाचे महाराष्ट्रातील बुडीत क्षेत्र नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांत पसरले आहे. मणिबेली हे त्यांपैकी एक होय. जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर असून ती सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच गाठली गेली.

या उंचीची समोच्च रेषा नकाशावर स्थिर पाण्याचा काठ दाखवते. पुरात मात्र धरणापासून वरच्या बाजूस पातळी चढत जाते. या फुगवट्यासाठी वेगळी रेषा आखावी लागते. सातपुड्याच्या डोंगराळ भूरचनेमुळे काही जमिनी स्वतः न बुडता पाण्याने वेढल्या जातात. अशा टापूंवर जाण्याची वाट तुटते. म्हणून पुनर्वसनाच्या नियोजनात बुडालेल्या जमिनीबरोबर टापूंचीही नोंद आवश्यक ठरते.