छपरावरची वीज आणि घरचा हिशेब

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले व २०१४ साली तेलंगणात आले. सोयरसंबंध मात्र पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर तसेच टिकले. साहजिकच इचोड्याच्या मराठी घरांत लग्नकार्याच्या आमंत्रणांबरोबर पलीकडचे सल्लेही येतात. ‘छपरावर सौर पॅनेल बसवा, सरकार पैसे देते,’ हा त्यांपैकीच एक. सल्ला हिताचा आहे. परंतु तो आपल्या घरालाही लागू पडतो किंवा कसे, हे आपल्याच वीजबिलावरून ठरवावे, असे आम्हांस वाटते.

केंद्राची ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये, असे अधिकात अधिक ७८,००० रुपये अनुदान मिळते. एवढ्यापुरते इचोडा आणि किनवट सारखेच. विजेचे दर व सवलती मात्र राज्यागणिक निराळ्या आहेत, आणि फायद्या-तोट्याचे खरे गणित तेथेच आहे.

तेलंगणात मार्च २०२४ पासून ‘गृहज्योती’ योजनेखाली पात्र शिधापत्रिकाधारक कुटुंबास महिना २०० युनिटांपर्यंतचे बिल शून्य येते. ज्यांचा वापर बारमाही या मर्यादेत आहे, त्यांनी कर्ज काढून पॅनेल बसविण्यात आम्हांस शहाणपण दिसत नाही. जे बिल येतच नाही, त्यात बचत ती कोणती?

ज्यांना ही सवलत नाही आणि ज्यांचा वापर मोठा आहे, त्यांची गोष्ट वेगळी. २०२२-२३ च्या दरपत्रकानुसार २०० युनिटांवर वापर गेला की पहिली २०० युनिटे ५ रुपये १० पैशांनी आणि पुढची १०० युनिटे ७ रुपये ७० पैशांनी आकारली जातात. म्हणजे ३०० युनिटांस, इतर आकार सोडून, १,७९० रुपये. एक किलोवॅटचा संच दिवसाकाठी सरासरी चार युनिटे देतो. दोन किलोवॅटचा महिन्याला सुमारे २४०. नेट मीटरच्या पद्धतीत उरलेल्या ६० युनिटांचीच आकारणी होऊन ती १२९ रुपयांच्या आसपास येते. वर्षाची बचत जवळजवळ २०,००० रुपये झाली. संचाची किंमत १,४०,००० रुपये धरली आणि ६०,००० अनुदान वजा केले, तर घातलेला पैसा चार वर्षांत वसूल होतो. कर्ज घेतल्यास त्यात व्याज मिळवावे. पॅनेल मात्र वीस-पंचवीस वर्षे काम देते.

मग तिसरा किलोवॅट का घेऊ नये? महाग युनिटे पहिल्या दोघांनीच वाचविलेली असतात. तिसऱ्याच्या वाट्याला स्वस्त युनिटे उरतात, आणि त्याचे अनुदानही कमी. शिल्लक वीज ग्रिडमध्ये जाते खरी. पण तिचा मोबदला कोणत्या दराने मिळेल, हे उत्तर तेलंगण वीज वितरण कंपनीच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे येथेही खरे ठरते.

आणखी काही गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. अनुदान संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर बँकेच्या खात्यात येते. तोवर पैशांची सोय आपल्यालाच करावी लागते. पॅनेल भारतीय बनावटीचे व विक्रेता योजनेत नोंदलेला असावा लागतो. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा हवी. आणि पुष्कळांची निराशा करणारी गोष्ट ही की, बॅटरीवाचून बसविलेला ग्रिडचा संच बाहेरची वीज गेली की भर दुपारीही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे. तेव्हा वीज जाण्याचा त्रास टळावा एवढ्याचसाठी कोणी हा संच घेऊ नये.

योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. ‘अनुदान संपत आले’ असे सांगून विक्रेता घाई करील, तर त्याला एक दिवस थांबवावे. गेल्या बारा महिन्यांची बिले काढून घरातील कर्त्या माणसांनी, आणि घर चालविणाऱ्या गृहिणीनेही, एकत्र बसून युनिटे मोजावीत. सूर्य सर्वांच्या छपरावर सारखाच तापतो. पण प्रत्येक घराची गरज सारखी नसते.