बारा पंचकोन आणि एक हंगाम

शेवगावहून एका वाचकानं विचारलंय, 'एड्सवर वर्षातून दोनदा घ्यायची लस निघाली म्हणे, खरं का?' सोबत मोबाइलवर फिरणारा निरोपही जोडलाय, चार उद्गारचिन्हांसकट. त्यातलं 'दोनदा' खरं आहे. 'लस' मात्र नाही.

लस म्हणजे गावातल्या पोरांना लाठीकाठी शिकवून निघून जाणारा वस्ताद. पुढची राखण पोरांनी करायची. लेनाकॅपाविर नावाचं हे औषध म्हणजे जागल्या. रात्र स्वतः काढतो, कुणाला काही शिकवत नाही आणि बलुतं थांबलं की गाव सोडतो.

जागल्या जबर आहे, यात वाद नाही. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या पाच हजारांहून अधिक मुली आणि तरुणींवरच्या चाचणीचे निष्कर्ष जून २०२४ मध्ये आले. इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. रोजची जुनी प्रतिबंधक गोळी दिलेल्या १,०६८ जणींपैकी १६ जणींना झाली, नव्या गोळीच्या २,१३६ पैकी ३९ जणींना. वर्तमानपत्रांनी शून्याचा मथळा केला. मला त्या गोळ्यांचे आकडे जास्त बोलके वाटतात. गोळी वाईट नाही, घेतली तर राखते. पण बहुतेकींनी ती नेमानं घेतली नाही. एचआयव्हीच्या औषधाची डबी घरात सापडली तर सासू काय म्हणेल, नवरा काय समजेल, हे ज्याला कळतं त्याला त्या १६ आणि ३९ चं नवल वाटणार नाही.

आता माझ्या आवडीचा भाग, जो त्या निरोपात अर्थातच नाही. एचआयव्हीचा जनुकीय ऐवज एका शंकूत बांधलेला असतो. एसटी स्टँडवरच्या शेंगदाण्याच्या पुडीची आठवण व्हावी असा. ही पुडी एकाच प्रथिनाच्या साधारण दीड हजार नगांची. ते नग सहा-सहाच्या आणि पाच-पाचच्या टोळक्यांत जुळतात. नुसत्या षटकोनांनी सपाट पोळं बांधता येतं, हे मधमाशीला ठाऊक आहे. पण सगळीकडून बंद होणारं भांडं नाही. त्याला पंचकोन लागतात, आणि नेमके बारा. अकरा नाही, तेरा नाही. अठराव्या शतकातल्या गणितज्ञ ऑयलरच्या सूत्रातून निघणारा हा हिशेब. जुना काळा-पांढरा फुटबॉल हाती घ्या आणि काळे तुकडे मोजा, बारा भरतील. विषाणूच्या पुडीत यातले सात रुंद बुडाला असतात आणि पाच निमुळत्या टोकाला. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या वेस्ली सुंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेनं ही शंकूची भूमिती १९९९ मध्ये मांडली. त्यांना औषध शोधायचं नव्हतं. पुडी बांधली कशी जाते, एवढंच कुतूहल होतं.

त्या कुतूहलातून हळूहळू कळलं, की पुडी म्हणजे नुसतं वेष्टन नव्हे. ती वाटेत सुटली तर दाणे सांडले, आणि मुक्कामी पोचूनही सुटलीच नाही तर खाणार काय? विषाणूला ती नेमक्या जागी, नेमक्या वेळी सुटायला हवी असते. लेनाकॅपाविर शेजारच्या दोन नगांच्या सांध्यात जाऊन बसतं आणि पुडी नको तितकी ताठर करतं. पेशीच्या केंद्रकात शिरणं अडतं. नव्या विषाणूंच्या पुड्याही वेड्यावाकड्या बांधल्या जातात. त्यात हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एरवी रसायनतज्ज्ञानं कपाळाला हात लावावा असा हा दुर्गुण. इथं तोच कामी आला. पोटाच्या कातडीखाली टोचल्यावर औषधाचा साठा तिथंच बसून राहतो आणि सहा महिने पाझरतो. डाळिंबाच्या रोपाशेजारी मडकं पुरून पाणी देणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

'सायन्स' साप्ताहिकानं या औषधाला २०२४ ची सर्वांत मोठी झेप ठरवलं. कौतुक सगळं कॅलिफोर्नियातल्या गिलियड कंपनीच्या वाट्याला गेलं आणि माझी तक्रार इथं सुरू होते. कारण ज्या प्रश्नाचं हे उत्तर आहे, तो प्रश्न पुण्यात फार आधी विचारला गेला होता.

भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत काम केलेले डॉ. रमण गंगाखेडकर पुढं कोविडच्या पत्रकार परिषदांमुळे घरोघरी माहीत झाले. पण त्यांचं, माझ्या मते, सगळ्यांत मोठं काम १९९७ सालचं आहे. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या ज्या ३९१ स्त्रियांचा वेश्याव्यवसायाशी काही संबंध नव्हता, त्यांतल्या १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. त्यांच्यातल्या बहुतेकींचा धोका एकच, नवरा. 'निरोध वापरा' हा सल्ला त्यांनी कुणाला ऐकवायचा? बाईच्या स्वतःच्या हातात राहील असं काहीतरी हवं, हे तेव्हाच उघड झालं. पुढं बाईनं स्वतः लावायच्या टेनोफोविर जेलच्या सुरुवातीच्या सुरक्षा-चाचणीत पुण्याच्या बायका सहभागी झाल्या. ते जेल मोठ्या चाचण्यांत टिकलं नाही. मग २०११. उपचार लवकर सुरू केले तर बाधित जोडीदाराकडून होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासानं दाखवलं. त्यातही पुणे होतं. त्या शोधनिबंधावर शीला गोडबोले आणि संजय मेहेंदळे ही नावं आहेत. 'सायन्स'नं त्या वर्षीची झेप म्हणून हाच अभ्यास निवडला होता. ही दोन नावं किती मराठी पाठ्यपुस्तकांत आहेत?

किमतीचं थोडक्यात. अमेरिकेत जून २०२५ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा वर्षाची छापील किंमत २८,२१८ डॉलर होती, म्हणजे सुमारे २४ लाख रुपये. तेच औषध २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरमध्ये १२० देशांना पुरवण्याचे करार सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. करार हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांच्याशी झाले. उत्पादनाचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. छापील किंमत आणि ही किंमत यांत सातशे पटींचं अंतर. पुडीच्या भूमितीपेक्षा मला हे गणित अवघड जातं.

आता आपला जिल्हा. नगरच्या चित्रा गल्लीतल्या स्त्रियांच्या मुलांसाठी गिरीश कुलकर्णींनी १९८९ मध्ये स्नेहालय सुरू केलं, त्यामुळे हा आजार इथं कुणाला परका नाही. पण मला सारखे आठवतात ते पाथर्डी, शेवगाव, जामखेडचे ऊसतोडीचे कोयते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ट्रकचालकांबरोबर स्थलांतरित मजुरांचाही वेगळा विचार होतो. त्यात दोष त्यांच्या स्वभावाचा नाही, घरापासून लांब, दवाखान्यापासून तुटून काढलेल्या महिन्यांचा आहे. दिवाळीच्या आसपास टोळी निघते, गुढीपाडव्याच्या आगेमागे परतते. म्हणजे पाच-सहा महिने. फडावर कुणी रोज गोळी सांभाळू शकेल असं मला वाटत नाही. पण निघण्याआधी एक टोचणी आणि परतल्यावर दुसरी, हे जमण्यासारखं आहे. जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून निरक्षर बायकांनाही आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. टोचणी नर्स देईल, पण तारीख ध्यानात ठेवणं अशा बायकांना कधीच जड गेलेलं नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. प्रत्येक टोचणीआधी एचआयव्हीची तपासणी हवीच, कारण लागण आधीच झालेली असेल तर एकट्या या औषधानं विषाणू निर्ढावतो. आणि औषध संपताना एकदम संपत नाही. त्याचं शेपूट कित्येक महिने अंगात राहतं, राखणीला अपुरं पण विषाणूला सवय व्हायला पुरेसं. म्हणून दुसरी टोचणी सव्विसाव्या आठवड्याला, फार तर दोन आठवडे इकडेतिकडे. ऊस जास्त असला आणि कारखान्याचा पट्टा पडायला उशीर झाला, तर मुकादम तेवढ्यासाठी कुणाला घरी सोडेल का, हे शेवगावच्या वाचकालाच माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.