रिचार्जमधले 45 रुपये कुणाचे?

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा भाग लिहून काढलाय. माझे 'अं... अं...' तेवढे कापलेत.

विषय साधा होता. सरकारने इंटरनेटवर कर लावावा का? मी बोईसरला नवापूर नाक्यावर, शिफ्ट सुटायच्या वेळेला, टपरीवर कटिंग घेत जो भेटेल त्याला हेच विचारलं. उत्तरं तुम्हाला माहीतच आहेत. "नको रे बाबा." "आधीच रिचार्ज महाग झालंय." एक काका तर म्हणाले, "आता श्वासावर पण लावतील." मग मी दुसरा प्रश्न विचारला, "दादा, आत्ता किती कर भरता?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणे, आम्ही कुठे भरतो?

तर बसा, हिशोब करू. मोबाइल सेवेवर 18 टक्के जीएसटी आहे, 1 जुलै 2017 पासून. त्याआधी सर्व्हिस टॅक्स होता, शेवटी शेवटी 15 टक्के. तुम्ही 299 चं रिचार्ज मारता तेव्हा कंपनीचे असतात 253 रुपये 39 पैसे. उरलेले 45 रुपये 61 पैसे कर. अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. 28 दिवसांचं पॅक असेल तर वर्षात 13 वेळा मारावं लागतं, म्हणजे जवळपास 593 रुपये. घरात चार फोन असले तर सुमारे 2,370. (हो, 28 दिवसांचा महिना हा वेगळाच विषय आहे, त्यावर एक अख्खा भाग करता येईल.)

म्हणजे 'लावावा का' हा प्रश्नच उशिरा आलाय. कर लागलेला आहे, फक्त दिसत नाही. प्रीपेडवाल्याच्या हातात बिल येत नाही, स्क्रीनवर एकच आकडा येतो. रिचार्जच्या दुकानात लोक विचारतात ते "किती दिवस चालेल?" आणि "रोज किती जीबी?" इतकंच.

टपरीवर एका कंपनीत अकाउंट्स बघणारे एक दादा होते. ते हसले आणि म्हणाले, "आमच्या कंपनीला तर तो परत मिळतो." मला आधी पटलं नाही, पण खरं आहे. एमआयडीसीतली जीएसटी नोंदणी असलेली कंपनी कामासाठी इंटरनेट घेते, तेव्हा त्या बिलावरचा जीएसटी ती आपल्या मालावर भरायच्या जीएसटीतून वजा करते. याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. त्याच कंपनीच्या गेटमधून ठेक्यावर आत जाणारा पोरगा, सातपाटीची मासे विकून क्यूआर कोडवर पैसे घेणारी मावशी, मोबाइलवर क्लास बघणारी बारावीची मुलगी, यांच्यापैकी कुणालाच काही वजा करता येत नाही. कर शेवटच्या माणसावर थांबतो. जीएसटीची रचनाच तशी आहे, त्यात कुणी चोरी करत नाहीये. पण शेवटचा माणूस कोण, हे तर बघायला पाहिजे ना? 22 सप्टेंबर 2025 पासून वही, पेन्सिल, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला. डेटावर 18 तसाच राहिला. त्या बारावीच्या मुलीसाठी दोन्ही अभ्यासाचंच सामान आहे.

लोक कधी चिडतात ते हंगेरीत दिसलं. ऑक्टोबर 2014 मध्ये तिथल्या सरकारने एका जीबीमागे 150 फोरिंट कर सुचवला. बुडापेस्टच्या रस्त्यावर हजारो लोक फोनचे दिवे उंच धरून उतरले, आणि महिना संपायच्या आत सरकार मागे हटलं. गंमत अशी की त्या लोकांच्या इंटरनेटच्या बिलावर 27 टक्के व्हॅट आधीपासून होताच! त्यावर मोर्चा निघाला नव्हता. पुढे 2017 मध्ये तो 18 आणि 2018 मध्ये 5 टक्क्यांवर आणला गेला. युगांडात उलटं झालं. 2018 मध्ये व्हॉट्सॲप, फेसबुक वापरायला दिवसाला 200 शिलिंगचा कर लावला. लोकांनी व्हीपीएन टाकले. 2021 मध्ये तो काढला आणि डेटावरच 12 टक्के लावला. दिसणारा कर गेला, किमतीत मुरलेला आला. मला तरी वाटतं, सरकारं यातून शिकतात.

आता दुसरी बाजू, कारण ती मला आपल्याच जिल्ह्यात ऐकायला मिळाली. पालघरच्या एसटी स्टँडवर जव्हारची गाडी पकडायला उभा असलेला एक मुलगा म्हणाला, "घेऊ दे की कर. पण आमच्या पाड्यावर टॉवर दे. मी रेंजसाठी टेकडी चढतो."

त्याचं म्हणणं हवेतलं नाही. जीएसटीशिवाय टेलिकॉम कंपन्या सरकारला आपल्या महसुलाच्या 8 टक्के लायसन्स फी देतात. त्यातले 5 टक्के एका खास निधीसाठी असतात. आधी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, 2023 च्या कायद्याने नाव झालं डिजिटल भारत निधी. जिथे कंपनीला धंदा परवडत नाही तिथे नेटवर्क न्यायचं, हे त्याचं काम. कंपनी हा खर्च शेवटी दरातच धरणार, म्हणजे बोईसरच्या रिचार्जमधून जव्हार-मोखाड्याच्या टॉवरला पैसे जावेत अशी ती सोय आहे. या 5 टक्क्यांवर माझा आक्षेप नाही. उलट टॉवर उभा राहिला की त्यावर 'तुमच्या रिचार्जमधून' असा बोर्ड लावा. माझं भांडण त्या 18 शी आहे, आणि तो दर जीएसटी कौन्सिल ठरवते. तिथे महाराष्ट्राचाही मंत्री बसतो.

जाता जाता एक काम. शेवटच्या रिचार्जची रक्कम घ्या, 118 ने भागा, 18 ने गुणा. जो आकडा येईल तो आणि तुमच्या गावात रेंजच्या किती दांड्या येतात, दोन्ही व्हॉइस नोटमध्ये सांगा. वाडा, विक्रमगड, तलासरीवाल्यांनो, तुमच्या नोट्स आधी लावणार.