एक पान, अनेक हात



वसतिगृहातील मुलांसाठी संगणक घ्यायचा म्हटले की स्क्रीनसमोर एकटेच बसलेले मूल आपल्या डोळ्यांपुढे येते. पण अनेकांनी मिळून शिकावे आणि ज्ञान जमा करावे यासाठीही सॉफ्टवेअर असते. त्यातले सर्वांत परिचित म्हणजे ‘विकी’.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिले विकी तयार केले. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला, तर मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी. आज त्यात ९० हजारांहून अधिक लेख आहेत आणि ते तुमच्या-आमच्यासारख्या वाचकांनीच लिहिले आहेत.

हे चालते कसे? प्रत्येक पानाला तीन सोयी असतात. ‘संपादन’मधून मजकूर दुरुस्त करता येतो. ‘इतिहास’मध्ये कोणी, कधी, काय बदलले याची नोंद राहते, त्यामुळे चूक झाली तरी जुना मजकूर परत आणता येतो. ‘चर्चा’ पानावर मतभेद मिटवता येतात. चुकण्याची भीती गेली की लाजरे मूलही लिहू लागते.

संथाळी भाषेचेच पाहा. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी तिच्यासाठी ओल चिकी लिपी घडवली. त्याच लिपीत २०१८ साली संथाळी विकिपीडिया सुरू झाला. आपल्याकडच्या वारली, कातकरी, ठाकरी बोलींतले शब्द मात्र अजून बरेचसे वडीलधाऱ्यांच्या तोंडीच आहेत. एक आजी गेली की रानभाज्यांची कितीतरी नावे तिच्याबरोबर जातात.

मग ती थेट विकिपीडियावर का लिहू नयेत? तेथे प्रकाशित संदर्भ लागतो, आजीचे सांगणे पुरत नाही. शिवाय तेथे लिहिलेले जगात कोणीही वापरू शकते. एखाद्या वैदूची औषधी माहिती त्याच्या संमतीशिवाय तेथे टाकणे हा त्याच्यावर अन्यायच होईल. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करण्याची पद्धत आली. तेथेही ज्ञान कोणाचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

यावर एक मधला मार्ग आहे. विकिपीडिया ज्यावर चालतो ते ‘मीडियाविकी’ सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि इंटरनेट नसतानाही एका संगणकावर बसवता येते. मुलांनी सुटीत घरी जाऊन शब्द विचारावेत, परत आल्यावर लिहावेत, दुसऱ्या पाड्यावरच्या मुलाने त्यात आपल्याकडचे नाव जोडावे. त्यातले बाहेर काय द्यायचे, हे पाड्यावरच्या मोठ्या माणसांनी ठरवावे.

पुण्यातील आपल्या मंडळीत संगणक जाणणारे अनेक जण आहेत. महिन्यातला एक शनिवार दिलात, तर मुलांना देवनागरी टंकलेखन शिकवता येईल. शिकवताना त्यांच्याकडून एक-दोन शब्द आपणही शिकून यावेत.