पेढीवरील संगणकाचा पडदा : निवड आणि मांडणी



स्मरणिकेसाठी धान्यबाजाराच्या स्थितीवर चार शब्द लिहावेत, असा संपादक मंडळाचा दरवर्षीप्रमाणे आग्रह होता. तथापि या खेपेस मी निराळा विषय घेतला आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला घाऊक धान्याचा व्यापारी. यंत्रशास्त्राचा माझा अभ्यास नाही. मग संगणकाच्या पडद्यावर लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारील. तो अधिकार एका चुकीने दिला, व ती चूक प्रथम सांगणेच योग्य होय.

आमच्या पेढीवर तीस वर्षांहून अधिक काळ हिशेब सांभाळणारे एक दिवाणजी आहेत. २०२१ सालच्या तुरीच्या हंगामात एका अडत्याकडून भावाची चिठ्ठी स्कॅन होऊन आली. तीवरील भाव होता क्विंटलला ६,३८० रुपये; दिवाणजींनी वाचला ६,८८०. माल ४२ क्विंटल. म्हणजे २१,००० रुपये अधिक गेले. समोरचा पक्ष सचोटीचा; त्याने पुढील व्यवहारात रक्कम वळती करून दिली. परंतु तत्पूर्वी मी दिवाणजींना हमालांदेखत नको ते बोलून बसलो होतो. आठ दिवसांनी ते रजेवर असताना त्यांच्या खुर्चीवर मी स्वतः बसलो. सकाळचे अकरा वाजले होते, दारातून आलेले ऊन पडद्यावर पडले होते, आणि तीच चिठ्ठी पुन्हा उघडली असता तीन आणि आठ यांतील भेद मलाही कळेना. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यानंतर पडद्यांविषयी जे विचारून, पाहून व वापरून समजले, ते येथे मांडीत आहे.

पडद्याचे माप इंचांत सांगतात. ते एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे तिरपे असते. दुकानदार प्रथम हेच माप सांगतो, आणि आपणही त्यावरच भुलतो. पण बारदानाच्या आकारावरून आतील दाणा कळत नाही, तसेच हे आहे. पडद्यावरचे चित्र व अक्षर सूक्ष्म ठिपक्यांनी बनते. त्यांस पिक्सेल म्हणतात. आडवे किती व उभे किती ठिपके आहेत, हे खोक्यावर छापलेले असते. आमचा जुना पडदा १८.५ इंची, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा होता. त्यात एका इंचात सुमारे ८५ ठिपके बसत. ज्याला फुल एचडी म्हणतात, तो १९२० बाय १०८० ठिपक्यांचा. हेच ठिपके २४ इंची पडद्यावर पसरले तर इंचाला सुमारे ९२ येतात. २७ इंची पडद्यावर पसरले तर ८२ च येतात. म्हणजे मोठा पडदा घेऊनही अक्षर आमच्या जुन्या पडद्याहून भरड झाले! २७ इंच घ्यावयाचा तर २५६० बाय १४४० ठिपक्यांचा घ्यावा. त्यात इंचाला सुमारे १०९ बसतात. ३८४० बाय २१६० चा, म्हणजे ४के पडदा २७ इंचांत घेतला तर १६३ ठिपके मिळतात व अक्षर छापील पुस्तकासारखे दिसते. मात्र तेथे अक्षर फार बारीक होते, म्हणून विंडोजमध्ये आकार १५० टक्के ठेवावा लागतो. फार जुन्या हिशेबी आज्ञावली अशा वाढवलेल्या आकारात कधीकधी धूसर दिसतात, हेही ध्यानात असावे.

इंग्रजी लिहिणाऱ्याला भरड पडदा एकवेळ चालून जातो. आपले तसे नाही. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली, त्यात जोडाक्षरे. ऱ्हस्व व दीर्घ उकारांतील फरक भरड पडद्यावर दोन-तीन ठिपक्यांचाच उरतो, आणि अनुस्वार तर एका ठिपक्यात मावतो. बेळगाव भागात सरकारी कागद कन्नडमध्ये येतात. त्यांतील अक्षराखाली लटकणाऱ्या जोडाक्षरांची गत याहून बिकट. म्हणून ज्यांच्या पेढीवर मराठी-कन्नड कागदांचे वाचन रोजचे आहे, त्यांनी ठिपक्यांच्या दाटीकडे इतरांपेक्षा अधिक लक्ष पुरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर उंचीचा विचार. ए-फोर कागद ११.७ इंच उंच असतो. १६:९ प्रमाणाच्या २४ इंची पडद्याची उंची जेमतेम ११.८ इंच भरते. त्यातून वरच्या-खालच्या पट्ट्यांची जागा वजा जाता पूर्ण पान खऱ्या आकारात मावत नाही. १६:१० प्रमाणाच्या २४ इंची पडद्याची उंची १२.७ इंच, व २७ इंची १६:९ पडद्याची सुमारे १३.२ इंच. मी दुकानात जाताना एक कोरा ए-फोर कागद घडी न घालता बरोबर नेला व प्रत्येक पडद्यावर उभा धरून पाहिला. विक्रेता हसला, पण त्या एका कागदाने अर्धी निवड करून टाकली. २७ इंची पडद्यावर दोन पाने शेजारी-शेजारी उघडता येतात : डावीकडे अडत्याची पट्टी, उजवीकडे आपले बिल. मान वळवून आकडा लक्षात ठेवण्याचे काम संपते, आणि माझ्या अनुभवात निम्म्या चुका त्या लक्षात ठेवण्यातच होतात. काही पडद्यांच्या पायावर पडदा उभा फिरविण्याची सोय असते. लांबलचक नोटिसा वाचणाऱ्या वकील व कर-सल्लागार बंधूंना ती उपयोगी पडेल.

पडद्याच्या जातींची नावे खोक्यावर इंग्रजी आद्याक्षरांत असतात. टीएन ही जुनी व स्वस्त जात. बाजूने वा खालून पाहिल्यास रंग उलटेपालटे होतात. ती घेऊ नये. आयपीएस जातीत कोठूनही पाहिले तरी रंग बहुधा स्थिर राहतो. व्हीए जातीत काळा रंग अधिक गडद. आयपीएसमध्ये पांढऱ्या-काळ्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे हजारास एक, तर व्हीएमध्ये तीन हजारांस एक असे असते. रात्री दिवा मालवून एकट्याने चित्रपट पाहणाऱ्यास व्हीए आवडेल. पण घरातील मंडळी पडद्यासमोर अर्धवर्तुळात बसतात. नातवंडे एका अंगाला, वहिनी दुसऱ्या अंगाला. बाजूने पाहिल्यास व्हीएचे रंग फिके पडतात. दिवसा हिशेब व संध्याकाळी कुटुंबासह प्रवचन, लग्नाचे चित्रण वा चित्रपट, असा दुहेरी उपयोग असेल तर आयपीएस बरा, या निष्कर्षास मी आलो. ओएलईडी म्हणून चौथी, महाग जात आहे. तिचा काळा रंग अस्सल काळा असतो, व्हिडिओ अतिशय देखणा दिसतो. परंतु तिच्यातील रंगीत कणांची मांडणी निराळी असल्याने बारीक अक्षरांच्या कडांना रंगाची झाक दिसू शकते. शिवाय हिशेबाच्या आज्ञावलीसारखे एकच चित्र तासन्तास तेथेच राहिले, तर त्याचा डाग कायमचा उमटण्याचे भय असते. पेढीसाठी ती नको.

खोक्यावर "डायनॅमिक कॉन्ट्रास्ट" म्हणून लाखांचे व कोटींचे आकडे छापलेले असतात. ते वाचू नयेत. "एचडीआर" हा शब्दही स्वस्त पडद्यावर नावापुरताच असतो. सेकंदाला किती वेळा चित्र बदलते, याचा आकडा हर्ट्झमध्ये देतात. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा, इतर व्हिडिओ बहुधा २५, ३० वा ६० चा. तेव्हा ६० हर्ट्झ पुरेसे आहेत. हल्ली साध्या पडद्यांतही ७५ वा १०० हर्ट्झ मिळतात. लांब यादी वर-खाली सरकविताना ती थोडी सुखद वाटते, इतकेच. १४४ व १६५ चे पडदे खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी आहेत. त्यासाठी मुलगा आग्रह धरील, तर पैसे त्याच्या खाती टाकावेत.

घरातील ३२ इंची टीव्हीच संगणकाला जोडला तर काय बिघडले, असे अनेकांनी मला विचारले. व्हिडिओसाठी काहीच बिघडत नाही. कागदपत्रांसाठी मात्र बिघडते. स्वस्त ३२ इंची टीव्ही बहुधा १३६६ बाय ७६८ चा असतो, म्हणजे इंचाला अवघे ४९ ठिपके. शिवाय काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात, आणि रंगाचा तपशील कमी करून दाखवितात. त्यामुळे पांढऱ्यावरचे लाल अक्षर पसरल्यासारखे दिसते. वजा रकमा लाल अक्षरांत दाखविण्याचा प्रघात किती पेढ्यांवर आहे, हे सांगावयास नकोच.

जोडणीची तार हा दुर्लक्षित विषय आहे. व्हीजीए ही १९८७ सालची जुनी पद्धत. निळ्या खोबणीची, दोन बाजूंस स्क्रू असलेली. तिच्यातून येणारे अक्षर थोडे धूसर होते. आमच्याकडे हीच तार होती. एचडीएमआय वा डिस्प्लेपोर्ट वापरावी. ४के पडदा घेणाऱ्याने आपल्या संगणकाची एचडीएमआय खोबण २.० वा त्यापुढील आहे, याची खात्री करावी, १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते व माऊसचा बाण अडखळतो. नवीन लॅपटॉप असल्यास यूएसबी-सी असलेला पडदा एकाच तारेने चित्रही घेतो व लॅपटॉपला वीजही देतो; मात्र हे दोन्ही यंत्रांना साधते की नाही, ते आधी विचारावे. पडद्यातले ध्वनिक्षेपक बहुधा दोन-दोन वॅटचे, डब्यातून बोलल्यासारखे. व्हिडिओ ऐकावयाचा तर छोटे निराळे स्पीकर घ्यावेत.

आता डोळे. निळ्या प्रकाशाच्या भीतीने चष्मे विकणारे पुष्कळ आहेत. परंतु अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीचे मत असे, की पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही. शीण येतो तो पापण्या कमी मिटल्याने व एकाच अंतरावर टक लावल्याने. दर २० मिनिटांनी २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे. पेढीवर तर रस्त्यावरून जाणारी गाडी पाहिली तरी पुरे. पडदा हातभर अंतरावर असावा, व त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली. आपल्या वयाच्या, दुहेरी भिंगाचा चष्मा लावणाऱ्यांनी तो आणखी खाली घ्यावा. नाही तर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करून बसावे लागते व मान धरते. यासाठी पाय वर-खाली होणारा पडदा घ्यावा. पृष्ठभाग चकचकीत नसून मंद असावा. काही पडदे प्रकाश कमी केल्यावर लुकलुकतात, ते डोळ्यांना कळत नाही पण डोके दुखते. पांढरे पान उघडून, उजेड कमी करून, पडद्यापुढे पेन्सिल भराभर हलवावी. एका पेन्सिलीच्या ऐवजी सुट्या-सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर तो पडदा लुकलुकतो.

मात्र आकडे धूसर दिसत असतील तर पडद्याला दोष देण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. आमच्या दिवाणजींना मी नेत्रतज्ज्ञाकडे नेले, तेव्हा उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. दोष दोहोंचा होता, निष्काळजीपणाचा नव्हता. त्यांनी तो धूसरपणा वर्षभर कोणाला सांगितला नव्हता. नोकरी जाईल, असे त्यांना वाटले होते.

शस्त्रक्रियेनंतर त्यांच्यासाठी २७ इंची, २५६० बाय १४४० ठिपक्यांचा आयपीएस पडदा घेतला, व दुसऱ्या मेजावर २४ इंची फुल एचडी. मेज फिरवून दार पडद्याच्या बाजूला येईल असे लावले. दार पाठीशी असता पडद्यावर त्याची छाया पडते, व समोर असता डोळे दिपतात. याला खर्च शून्य आला, आणि लाभ नव्या पडद्याइतकाच झाला.

कराविषयी एक सूचना. ३२ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला; लहान पडद्यांवर तो पूर्वीपासून १८ टक्केच होता. बिल पेढीच्या नावाने व क्रमांकासह घेतल्यास करपात्र मालाचा व्यापार करणाऱ्यांस त्याची वजावट मिळते. परंतु केवळ सुट्या, करमुक्त धान्याचा व्यापार करणाऱ्यांस ती मिळत नाही, आणि दोन्ही प्रकारचा माल असल्यास प्रमाणातच मिळते. आपल्यापैकी अनेकांचा येथे गैरसमज असतो. आपल्या सनदी लेखापालास विचारून घ्यावे.

पडदा घरी आल्यावर त्याच दिवशी संपूर्ण काळे, पांढरे, लाल, हिरवे व निळे चित्र लावून मेलेले ठिपके शोधावेत. एक-दोन ठिपक्यांसाठी बहुतेक कंपन्या हमीखाली पडदा बदलून देत नाहीत. परत घेण्याची मुदत किती, ते विक्रेत्याकडून आधीच लेखी घ्यावे व तोवर खोके फेकू नये. फार जुन्या सपाट पडद्यांत प्रकाशासाठी पाऱ्याच्या नळ्या असत, सबब असा पडदा भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. आमचा आम्ही तसाच पोहोचता केला, निळ्या तारेसकट.