बालाबुश्काच्या काठ्या

बिलियर्डचा खेळ आपल्याकडील बहुतेकांनीं जिमखान्याच्या खिडकींतूनच पाहिलेला असतो. हिरव्या बनातीचें टेबल, त्यावर खालीं सोडलेले दिवे, आणि भिंतीशीं मांडणींत उभ्या केलेल्या लांबलचक काठ्या. या काठीसच ‘क्यू’ म्हणतात. पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं कलकत्त्यास हौशी खेळाडूंचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, तेव्हांपासून हा खेळ केवळ साहेबलोकांचा, ही समजूत बरीच ढिली झाली. तथापि काठीकडे आपण कधीं निरखून पाहिलें नाहीं. अमेरिकेंत बिलियर्डची जी धाकटी बहीण ‘पूल’ या नांवानें वाढली, तिच्या घरीं मात्र काठी ही संग्रहाची वस्तु होऊन बसली आहे. आणि त्या संग्राहकांच्या तोंडीं सर्वांआधीं जें नांव येतें, तें जॉर्ज बालाबुश्का याचें.

पूलची काठी साधारणतः ५८ इंच लांब आणि १८ ते २१ औंस वजनाची असते. मधोमध ती पेंचाच्या सांध्यानें उलगडते. पुढचा दांडा मेपलच्या लांकडाचा. त्याच्या टोंकाशीं एक पांढरी नळी आणि तिच्यावर चेंडूस लागणारी चामड्याची टिकली. मागच्या भागीं हाताची पकड जेथें येते तेथें आयरिश लिननचा दोरा घट्ट गुंडाळून दाबलेला. या पकडीच्या पुढें मेपलमध्यें काळसर लांकडाचीं चार टोंकें भाल्याच्या फाळासारखीं चढत गेलेलीं दिसतात. पाहणारास हें रंगकाम वाटतें, पण तें तसें नव्हे. दोन निराळ्या लांकडांना खांचा पाडून तीं पाचरेप्रमाणें एकमेकांत सरसानें बसविलेलीं असतात. मूळचा हेतु बळकटीचा. मागचें जड अबनूस किंवा शिसवी तोल देतें, पुढचें हलकें मेपल हातचा धक्का चेंडूपर्यंत नेतें, आणि पाचरेमुळें दोहोंचा स्पर्श लांबवर पसरून सांधा उलत नाहीं. शोभा मागाहून आली.

बालाबुश्काचा जन्म १९१२ सालीं रशियांत झाला. १९२४ सालीं त्याचें कुटुंब अमेरिकेस गेलें व न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत त्याचें आयुष्य गेलें. धंद्यानें तो सुतार. मुलांचीं खेळणीं व लांकडी सामान तो बनवीत असे. काम करतांना एक बोट गमावलें, तेव्हां त्या जागीं बसविण्यासाठीं कृत्रिम बोटही त्यानें आपल्याच हातानें घडविलें. असला मनुष्य मोडकी वस्तु पाहून स्वस्थ कसा बसेल? १९५९ सालीं त्यानें एका भागीदारासह पूलचा अड्डा विकत घेतला, तेथील काठ्या दुरुस्त करूं लागला, आणि नाताळांत स्नेह्यांना भेट म्हणून कांहीं काठ्या स्वतः करून दिल्या. त्यांचा बोलबाला झाला. पुढें १९७५ च्या डिसेंबरांत मृत्यु येईपर्यंत तो हेंच करीत राहिला. त्याच्या हातच्या काठ्या अजमासें एक हजार ते बाराशें भरतात.

परंतु संग्राहकाची खरी अडचण येथेंच सुरू होते. पाचरा बसविलेला भाग बालाबुश्का प्रारंभीं स्वतः करीत नसे. ब्रन्सविक कंपनीची ‘टायटलिस्ट’ नांवाची तयार काठी तो घेई, तिचा पाचरेचा भाग कापून वापरी, आणि त्यावर सांधा, मूठ व दांडा आपला चढवी. शिकागोचा वयोवृद्ध कारागीर हर्मन रॅम्बो यानेंही हीच वाट चोखाळली होती. पुढें बालाबुश्का असे भाग बर्टन स्पेन याजकडून आणि नंतर गस झाम्बोटी याजकडून घेऊं लागला. हें हिणविण्यासाठीं सांगितलें नाहीं. सतार करणाराही भोपळा स्वतः पिकवीत नाहीं. पण यामुळें झालें असें कीं, जी टायटलिस्ट त्याला मिळाली ती इतरांनाही मिळत होती. शिवाय त्याची सही प्रत्येक काठीवर आढळत नाहीं. तेव्हां नकल करणारास मोकळें रान!

म्हणून या व्यवहारांत नुसत्या लांकडास पुसून भागत नाहीं. सांध्याचे आटे, वेढ्यांची घडण, मुठीखालच्या कड्यांची ठेवण हीं पाहावींच. पण त्याहून मोठा पुरावा म्हणजे काठी कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेली याची अखंड साखळी. जुने विक्रेते येथें उपयोगी पडतात. कोणती काठी कोणत्या खेळाडूनें केव्हां मोडीत काढली, तिला दुसरा दांडा कोणी बसविला, हें त्यांच्या स्मरणांत आणि वह्यांत असतें. असा एखादा विक्रेता वारला आणि त्याच्या वह्या रद्दींत गेल्या, तर कित्येक अस्सल काठ्या त्याच दिवशीं निनांवी होतात.

कीर्तीनेंही घोटाळा वाढविला. १९८६ सालीं मार्टिन स्कोर्सेसी याचा ‘द कलर ऑफ मनी’ हा चित्रपट निघाला. त्यांत बालाबुश्काची म्हणून एक काठी मोठ्या आदरानें हातीं दिली जाते. तीवरून हें नांव घरोघर झालें. मौज अशी कीं, पडद्यावरची ती काठी बालाबुश्काची नव्हेच. ‘जॉस’ नांवाच्या कारखान्याची, त्याच्या धाटणीवर केलेली होती.

आणखी एक संकट कायद्याचें. उंची काठ्यांत पांढरी नळी व नक्षी हस्तिदंताची असे. १९९० पासून हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी आली, १९९२ सालीं ब्राझीलच्या शिसवीवर निर्बंध पडले, आणि २०१६ सालीं अमेरिकेनें हस्तिदंताच्या देशांतर्गत विक्रीचे नियम फारच आंवळले. जुन्या वस्तूंतील अल्प तुकड्यांस सवलत आहे, पण वस्तु जुनी असल्याचें सिद्ध करावें लागतें. म्हणजे पुन्हां कागद आणि साक्षच! हत्तींचा जीव वांचत असेल तर ही कटकट सोसावी, असेंच कोणीही म्हणेल.

काठीची सर्वांत जुनी परीक्षा मात्र बिनखर्चाची आहे. ती टेबलावर आडवी ठेवून हळूच लोटावी. दांडा वांकला असेल तर टिकली खालींवर नाचते. सरळ असेल तर काठी मुकाट्यानें घरंगळत जाते. त्यानंतर टिकलीस खडू लावून एक चेंडू मारून पाहणें हें ओघानेंच आलें. पण संग्राहकांच्या बाजारांत टिकलीस खडूचा स्पर्शही न झालेल्या काठीस अधिक मोल येतें, आणि त्यामुळें खेळण्यासाठीं घडविलेल्या कित्येक काठ्यांनीं अद्याप एकही चेंडू पाहिलेला नाहीं.