शरद, सुगी आणि घराचा बंदोबस्त

आश्विनात मोसमी वारे वर्धा जिल्ह्यावरून माघार घेतात, आकाश निवळते, काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात आणि सेलू-देवळीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंतच्या शिवारांत सोयाबीनच्या कापणीची धांदल उडते. नेमक्या त्याच सुमारास माणसांच्या घरांतही रात्रीच्या वेळी कुरतडण्याचे आणि सरपटण्याचे आवाज वाढू लागतात. हिमवृष्टीच्या देशांत उंदीर आणि कीटक शरदात घराकडे वळतात ते शीताच्या भयाने. आमच्या मुलखात मात्र या दिवसांत ऊन उलट अधिकच तापते आणि थंडीचा अंमल पुढे दोन महिन्यांनी बसतो. येथील शरदातला उपद्रव हा सुगीचा उपद्रव आहे. शेतातील अन्न आणि आडोसा थोड्याच दिवसांत नाहीसा होतो, आणि तेच अन्न पोत्यांत भरून आपण घरात आणतो. म्हणून या ऋतूतील गृहरक्षण म्हणजे धान्याचा, ओलाव्याचा आणि फटींचा बंदोबस्त होय. विषाचे स्थान त्यानंतरचे.

प्रथम उंदरांचा विचार करू. पीक दाण्यावर आले की शेतातील उंदीर आणि घुशी यांची वीण वाढते. गर्भधारणेचा काळ अवघा तीन आठवड्यांचा असल्याने भाद्रपदात मूठभर असलेली संख्या कापणीच्या वेळी शिवारभर पसरलेली असते. कापणी झाली, बांधावरचे गवत वाळले, की हा समुदाय कुटाराच्या ढिगाकडे, गोठ्याकडे आणि तेथून कोठीच्या खोलीकडे सरकतो. घरातल्या लहान उंदराला आत शिरण्यास पेन्सिलीच्या जाडीएवढे छिद्र पुरते, हे ध्यानात घेतले म्हणजे दाराखालची फट, मोरीचे तोंड, नळ आणि विजेच्या तारा भिंतीतून जातात तेथील भोके यांची पाहणी किती बारकाईने करावी लागते ते कळून येईल. मोरीला लोखंडी जाळी, दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी आणि भोकांत काचेचे तुकडे मिसळून सिमेंट, एवढी तजवीज दसऱ्यापूर्वी करावी. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचावीत. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. यास्तव पिंजरा लावावयाचा झाल्यास तो दोन-चार दिवस नुसताच उघडा, खाद्यासह ठेवून मगच त्याचा खटका चढवावा.

उंदरांची उपेक्षा किती महाग पडते, याचा एक दाखला याच राज्यात, याच ऋतूच्या उंबरठ्यावर घडला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाल्यानंतर शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावाच्या रहिवाशांनी भयाने घरे सोडली. धान्य मात्र मागे त्या घरांतच राहिले. त्यावर उंदीर माजले, आणि पुढील वर्षी, १९९४ च्या ऑगस्टअखेरीस, लोक घरी परतल्यावर तेथे गाठीच्या प्लेगची साथ उद्भवली. राखणीवाचून पडलेले धान्य आणि बंद घर यांचा संयोग किती घातक ठरतो, हे त्या गावाने दाखवून दिले.

उंदरांच्या मागोमाग साप येतो. नाग आणि घोणस कुटाराच्या व पऱ्हाट्यांच्या ढिगांत आश्रय घेतात. मण्यार तर रात्री घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला दंश करते; त्या दंशाची वेदना इतकी अल्प असते की कित्येकदा दंश झाल्याचेच कळत नाही. जमिनीवर न निजता खाटेवर निजणे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचणे, हे यावरील अत्यंत स्वस्त व खात्रीचे उपाय होत. दंश झालाच तर मांत्रिकाकडे एक क्षणही न दवडता थेट रुग्णालय गाठावे. सेवाग्राम आश्रमातील गांधीजींच्या बापूकुटीत साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि त्याला ठेवण्याची पेटी आजही पाहावयास मिळते. साप न मारता तो पकडून दूर सोडून द्यावा, अशी आश्रमाची वहिवाट होती. मला या चिमट्यात केवळ अहिंसेचे व्रत दिसत नाही, तर निसर्गाची उत्तम जाणही दिसते. कारण शिवारात उंदरांवर अहोरात्र पहारा ठेवणारा पहारेकरी सापच असतो.

त्याच सेवाग्रामचा, म्हणजे तेव्हाच्या शेगावचा, दुसरा धडा डासांविषयीचा आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तेथे गेले आणि पहिलाच पावसाळा सरता सरता, सप्टेंबरात, हिवतापाने आजारी पडून त्यांना वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मारबत काढून रोगराईबरोबर ढेकूण-डासांनाही गावाबाहेर घालविण्याची जी प्रथा आहे, तिच्या मागे पावसाळ्याच्या उत्तरार्धातील तापाचा हाच जुना अनुभव असला पाहिजे. धो धो पावसात डासांच्या अळ्या वाहून जातात. पाऊस थांबला की नाल्यांतील पाणी डबक्यांत अडकते आणि हिवतापाचे डास तेथे वाढतात. डेंग्यूचा डास मात्र घरच्याच रांजणात, कूलरच्या टाकीत आणि टाकून दिलेल्या टायरात जन्मतो. अंड्यापासून पूर्ण डास होण्यास आठवडा ते दहा दिवस लागत असल्याने आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवली की त्याची साखळी तुटते. घासणे आवश्यक, कारण भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात.

गवतातून येणारा आणखी एक शत्रू अगदी सूक्ष्म आहे. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि परिसरात स्क्रब टायफसची साथ पसरली. हा रोग उंदरांच्या अंगावर आणि दाट गवतात राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या पिल्लांच्या चाव्याने होतो. घराभोवतीचे गवत काढावे, कपडे झुडपांवर वाळत घालू नयेत, शेतातून आल्यावर स्नान करून कपडे बदलावेत. आणि तापासोबत अंगावर काळी खपली दिसल्यास ती डॉक्टरांना अवश्य दाखवावी, कारण वेळीच निदान झाल्यास यावर साधे, उपलब्ध औषध आहे.

आता कोठीकडे वळू. पावसाळ्याच्या दमटपणाने गव्हात सोंडे आणि कडधान्यांत भुंगे झालेले असतात. आश्विनातील कडक ऊन ही यावरची निसर्गदत्त देणगी होय. सर्व धान्य पातळ पसरून वाळवावे आणि दाणा दाताखाली कडकन फुटू लागला म्हणजेच, तेही पूर्ण निवल्यावर, कोरड्या कोठीत भरावे. भुंग्याची मादी अखंड दाण्यावर अंडी घालते. म्हणून डाळ भरडून ठेवल्यास ती पुष्कळ सुरक्षित राहते, आणि अखंड ठेवावयाच्या मुगाला किलोमागे एक लहान चमचा खाद्यतेल चोळल्यास अंडी तगत नाहीत. नव्या धान्याची पोती जुन्यांत मिसळू नयेत. कापसाच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. भावाच्या प्रतीक्षेत तो राहत्या खोलीत महिनोन्‌महिने पडून राहिला की लाल ढेकण्या, गुलाबी बोंडअळीचे पतंग आणि उंदीर ही सारी मंडळी माणसांच्या अंथरुणाशेजारी नांदू लागतात. एखादी स्वतंत्र, हवेशीर खोली वा पडवी त्यासाठी राखून ठेवावी. तेथे लहान मुलांना निजवू नये.

दिवाळीपूर्वीच्या सफाईत वाळवीचा शोधही घ्यावा. चौकटीच्या कडेने मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या की त्या मोडाव्यात, पण तेवढ्यावर थांबू नये. वाळवीला ओलावा पुरवणारी गळती बंद करावी आणि भिंतीला टेकलेले सरपण दूर हलवावे.

विषाविषयी मात्र निक्षून सांगावेसे वाटते. धान्यात ठेवावयाच्या गोळ्यांतून हवेच्या ओलाव्याने विषारी वायू निघतो. निजण्याच्या खोलीत, किंवा तिला लागून असलेल्या कोठीत त्या कदापि वापरू नयेत. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. शेतासाठी आणलेले औषध घरातील ढेकणांवर किंवा मुंग्यांवर शिंपडणे म्हणजे तोच धोका आपण होऊन मुलाबाळांत आणणे होय.

हे सर्व उपाय एकट्या घराने केले तर निम्मे फळ देतात, कारण उंदीर आणि डास दोघेही एका भिंतीआड राहत नाहीत. ग्रामपंचायतीने नाल्यांतील डबकी वाहती करावीत, आळीने मिळून एकाच आठवड्यात कुटाराचे ढीग घरांपासून दूर हलवावेत, आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या फटी बुजवाव्यात. चार महिन्यांच्या कष्टाचे पीक खळ्यावर आले म्हणजे शेती संपली, असे आपण समजतो. वस्तुतः ते कोरडे, निर्विष आणि सुरक्षित घरात पोहोचले म्हणजेच हंगाम खऱ्या अर्थाने पुरा होतो.